उरायचंच तर सूप उरू दे

फेलिसा : अजून कान? काका, तिसऱ्यांदा मागताय. डुकराला दोनच असतात हो.

ओनोफ्रे : मग दुसरं डुक्कर काप. आणि पायाचाही एक तुकडा आण, हाडाजवळचा.

एल्विरा : बाबा, पुरे आता. फेलिसाताई, तुम्ही चणे आणि कोबी आणा. मग सूप. आम्हाला निघायचंय.

ओनोफ्रे : घाई कसली? रविवार आहे.

एल्विरा : घाई नाही. लेओनला उजेडात पोचलेलं बरं. डॉक्टर तपासणार आहेत म्हटलं ना तुम्हाला.

ओनोफ्रे : रविवारी तपासणारा डॉक्टर! मेल्यावर तरी सुट्टी घेतो का हा?

फेलिसा : मी कान आणते.

एल्विरा : फेलिसाताई!

फेलिसा : अगं, मागेल त्याला मागेल तितकं वाढायचं, ही या खानावळीची रीत आहे. आईच्या वेळेपासून. बापाला नाही म्हणायचं असेल तर तू म्हण. मी कशाला म्हणू?

ओनोफ्रे : हिची आई! काय बाई होती. तू नवऱ्याला पहिल्यांदा इथं आणलंस ते आठवतं? माद्रिदचा बहाद्दर. बसल्याबसल्या म्हणतो, आधी सूप आणा. सगळी खानावळ जेवायची थांबली.

एल्विरा : तिनं त्याच्या हातातला चमचाच काढून घेतला होता.

ओनोफ्रे : आणि म्हणाली, पोरा, आमचे आजे-पणजे खेचरं हाकत मुलूखभर माल न्यायचे. जेवताजेवता कधी उठावं लागेल, नेम नव्हता. म्हणून आमच्याकडे आधी मांस, मग चणे, आणि सूप शेवटी. उरायचंच तर सूप उरू दे. तेव्हाच मी ओळखलं, हा जावई टिकायचा नाही.

एल्विरा : वीसेक वर्षं टिकला की, बाबा.

ओनोफ्रे : टिकला कसला. उरला होता.

फेलिसा : हे घ्या कान. पायही घातलाय. आणि काका, बेनिग्नो निघालाय, जाताना तुम्हाला भेटतो म्हणतोय.

ओनोफ्रे : भेटायला कशाला? माझे हात खरकटे आहेत. लांबूनच जा म्हणावं.

फेलिसा : दाराशी उभा आहे बिचारा, टोपी काढून.

ओनोफ्रे : टोपी घाल म्हणावं, थंडी आहे. एल्विरा, मला एक सांग. जेवणाऱ्याच्या टेबलाजवळून जाताना माणूस काय म्हणतो?

एल्विरा : ‘सावकाश होऊ दे’ म्हणतो. आणखी काय म्हणणार?

ओनोफ्रे : म्हणतो आणि पुढं जातो. जेवणाऱ्याला कुणी हात लावत नाही. आज पाद्रीबाबांच्या बहिणीनं माझा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. सेवेरोनं तर मिठी मारली. सेवेरोनं! पाटाच्या पाण्यावरून भांडण झाल्यापासून त्यानं माझ्याकडे बघितलेलं नाही. मी मेलोय का? मेलो असलो तर सांगा, म्हणजे जेवण थांबवतो.

एल्विरा : फेलिसाताई, तुम्ही गावभर सांगितलंत?

फेलिसा : देवाशपथ नाही. फक्त पाववाल्याला सांगितलं. त्याला सांगणं भागच होतं, की उद्यापासून काकांच्या दाराला पिशवी अडकवू नकोस.

ओनोफ्रे : उद्यापासून.

फेलिसा : ...मी चणे बघते हं.

एल्विरा : बाबा, मी सांगणारच होते. सूप झालं की सांगणार होते.

ओनोफ्रे : तसंच वाटलं मला. म्हणून तर कान मागतोय.

एल्विरा : जागा चांगली आहे. नन्स बघतात सगळं. खोली उबदार आहे. खिडकी आहे.

ओनोफ्रे : खिडकीतून काय दिसतं?

एल्विरा : ...गाड्या लावायची जागा.

ओनोफ्रे : बरं. गाड्या.

एल्विरा : बाबा, तुम्ही गोठ्यात पडलात तेव्हा रात्रभर गारठ्यात होतात. सकाळी पावाची पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसली म्हणून फेलिसाताई आत आल्या. नसत्या आल्या तर?

ओनोफ्रे : तर आज एवढं बोलावं लागलं नसतं. तुलाही आणि मलाही.

एल्विरा : असं नका ना बोलू.

ओनोफ्रे : आणि मी येत नाही म्हटलं तर?

एल्विरा : तर मी इथं सगळ्यांसमोर रडेन. आणि तरी नेईन. दुसरं काय करू? मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. कामाच्या पाळ्या रात्रीच्या. तुम्हाला एकटीनं उचलायला गेले तर दोघंही पडू. किती दिवस झाले, हेच डोक्यात फिरतंय. कुठूनच सुटत नाही.

ओनोफ्रे : तुझ्याकडे येतो म्हटलं का मी?

एल्विरा : नाही. एकदाही नाही.

ओनोफ्रे : मग?

एल्विरा : एकदा म्हणायचं तरी होतं, बाबा.

ओनोफ्रे : म्हणजे तुला नाही म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा हे बरं.

फेलिसा : चणे आणलेत. कोबीवर लसणाचं तेल घातलंय, तुम्हाला आवडतं तसं. काका, वरची खोली रिकामी आहे हो. पण तो जिना आता मलाच चढवत नाही. पुढच्या हिवाळ्यात इथं चूल पेटेल का, तेही...

ओनोफ्रे : फेलिसा, तुला कुणी काही विचारलं का? चणे मऊ झालेत. दळदार आहेत. एल्विरा, तू घे. सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही.

एल्विरा : गिळवत नाहीये.

ओनोफ्रे : गिळ. घाटात गाडी चालवायचीय तुला. तिथं रात्रीचं जेवण किती वाजता देतात?

एल्विरा : सातला.

ओनोफ्रे : सातला! उन्हाळ्यात तेव्हा डोक्यावर ऊन असतं. उन्हात झोपवतात की काय म्हाताऱ्यांना?

एल्विरा : मी दर रविवारी येईन.

ओनोफ्रे : दर रविवारी नको म्हणूस. येशील तेव्हा ये.

एल्विरा : कपड्यांची बॅग गाडीत आहे. निळा स्वेटर घेतलाय. आईचा फोटोही.

ओनोफ्रे : कधी भरलीस?

एल्विरा : तुम्ही कोंबड्यांना दाणे टाकत होतात तेव्हा.

ओनोफ्रे : हं. कोंबड्या फेलिसा नेईल. नेशील ना गं?

फेलिसा : नेते, काका. अजून काही आणू? कान आहे शिल्लक, मघाचा.

ओनोफ्रे : नको. सूप आण.

(फेलिसा सूप आणून वाढते. ओनोफ्रे वाटीतलं सगळं सूप संपवतो.)

ओनोफ्रे : फेलिसा, आमच्या दाराची किल्ली आहे ना तुझ्याकडे? मी निघताना चुलीत ओकचा मोठा ओंडका घालून आलोय. परत आल्यावर घर उबदार असावं म्हणून.

फेलिसा : अरे देवा.

ओनोफ्रे : हिनंच हातात दिला.

एल्विरा : बाबा, मला तेव्हा तोंडच उघडता आलं नाही...

ओनोफ्रे : असू दे. डोळे पूस. लोक बघतायत.

फेलिसा : मी आत्ता जाते, काका. विझवून, दार लावून येते.

ओनोफ्रे : जा. पण पाणी ओतू नकोस हं. ओल्या राखेचा वास घरभर राहतो.