ऐंशी पौंडी दोरा

नाही, तो काळा नको. ऐंशी पौंडी नको, पाकचिक, ठेवा तो खाली, काका. आता तुम्ही म्हणाल, विकायचा नाही तर कपाटात मांडलाय कशाला? बरोबर आहे. माझी सासूही हेच म्हणते – गिऱ्हाईक मागेल ते द्यावं, तू काय मास्तरीण लागून गेलीस? मास्तरीण नाही, पण दोन वर्षं कॉलेज केलंय हो मी, क्वांतानला, तुमच्याच गावात – म्हणून जीभ जरा जास्त चालते. बसा. ते स्टूल घ्या, त्याचा एक पाय आखूड आहे, भिंतीला टेकवून बसा. आणि माझ्या पायाकडे बघू नका, अंगठ्याला बांधलेली दोरी झोळीची आहे. पडद्यामागं माझी मुलगी झोपलीये, इंतान, सात महिन्यांची. झोळी स्प्रिंगला टांगलीये, मी इथून अंगठा हलवला की ती वरखाली होते. अंगठा थांबला की ही जागी. सासूबाई म्हणतात हात लावून हलव, आई आहेस की मोटर? पण मग दुकान कोण बघणार? अंगठ्याचा हा दोरा वीस पौंडी आहे, विचारत असाल तर. मुद्दाम वीस.

मुलासाठी ना – हो, सांगितलंत मघाशी. उद्या सकाळी होडीतून दोघं जाणार, तोमान मासा धरायला. काठी झकास निवडलीत. साडेसहा फूट – त्याच्या वर घेतात ते शहाणे मग मेलेल्या झाडांच्या फांद्यांत काठी अडकवून बसतात. धरणाखाली अख्खं जंगल बुडालंय, वर नुसते बुंधे दिसतात, तिथं लांब काठी फिरवायला जागा कुठली? शेंडा लवचीक, बुंधा ताठ – असाच हवा, शेंड्यानं आमिष फेकायचं, बुंध्यानं मासा वळवायचा. रीळही ठीक. डावखुरा नाही ना मुलगा? मग ठीकच. आमिषाला हा लाकडी बेडूक घ्या, ह्याचे दोन्ही गळ वरच्या बाजूला आहेत, म्हणजे ओंडक्यावरून ओढला तरी रुतत नाही. दोऱ्याच्या टोकाला हातभर लांबीचा, जाड दोऱ्याचा तुकडा जोडायचा, तोमानला दात असतात, करवतीसारखे. झालं. एवढंच सामान. आणि दोरा तीस पौंडी, म्हणजे तीस पौंडांच्या ताणाला तुटणारा. हा. हिरवा.

तुटेल? तुटेल ना. मी कुठं म्हणते तुटणार नाही? मोठा मासा लागला, बुंध्याला गुंडाळी घालून बसला, तर तुटेल. मुलगा तुम्हाला सांगून बसलाय की ऐंशीच आण, रिळाचा ब्रेक पिळून गच्च कर, मासा लाकडात शिरायच्या आत ओढून बाहेर – सगळे हेच सांगतात. धक्क्यावर जाऊन विचारा, दहातले नऊ हेच सांगतील, दहावा चहा पीत असेल. पण माझं ऐका, ह्या सगळ्या सामानात एक काहीतरी कच्चं ठेवावंच लागतं. काठी, रीळ, दोरा, गळ, गाठ आणि माणूस – एका ओळीत असतात हे सगळे, एकमेकांना बांधलेले. ताण आला की ह्यातलं काहीतरी आधी जाणारच. मग ते काय असावं, हे दुकानातच ठरवायचं असतं. पाण्यात गेल्यावर नाही ठरवता येत.

– आणि ही काठीची दोरी तर मुळीच नको. कुठून काढलीत तुम्ही? खालच्या खणातून? मी मागं ढकलली होती ती. हो, माहितीये कशासाठी असते. एक टोक काठीच्या मुठीला, एक कमरेला, म्हणजे हातातून काठी निसटली तरी पाण्यात जात नाही. मागच्या वर्षी मुलाची काठी गेली? अहो, जाऊ दे ना! काठी जाते, नवी येते. माझ्याकडे भिंतभर काठ्या आहेत.

ती बरणी... पाकचिक, ती हळू. विकायची नाही ती. सासूबाईंची आहे, माकची. सुराऊला गेल्यात नमाजला, येतील एवढ्यात. नाही, उघडू नका, बाहेरूनच बघा. काय दिसतंय? दोरीचा तुकडा आहे, बोटभर, आणि त्याला एक गाठ. बस्स. लोकांच्या घरी मुलाचा फोटो असतो, आमच्याकडे फोटोही आहे आणि ही बरणीही आहे. माझा नवरा, नझरी. लोकांना होडीतून मासे दाखवायला न्यायचा. आठ महिने झाले. ही त्याच्या कमरपट्ट्याची गाठ आहे. पाणबुड्यांनी कापली तेव्हा सासूबाईंनी मागून घेतली – माझ्या मुलाच्या हातची शेवटची वस्तू, म्हणाल्या. रोज सकाळी पुसतात. बरणी, म्हणजे. गाठीला हात नाही लावत कुणी.

कसं झालं, कसं झालं... सगळे विचारतात, तुम्ही नाही विचारलंत. बरं केलंत. आता मीच सांगतेय, बघा.

तोमानला भूक नसते, माहितीये? म्हणजे असते, पण मोठा तोमान भुकेनं नाही सापडत. पिल्लं असली की सापडतो. लालचुटुक पिल्लं, शेकड्यांनी, गोळा करून पोहतात. दर थोड्या वेळानं श्वासाला वर येतात, पाण्याला उकळी फुटल्यासारखी दिसते. आई-बाप खाली उभे, पहाऱ्यावर. म्हणून लोक त्या उकळीवर बेडूक फेकतात. मासा खायला नाही येत वर, मारायला येतो – माझ्या पोरांत कोण घुसलं? आणि आपला जबडा गळात घालून बसतो. मी आठव्या महिन्यात होते तेव्हा, पोट हे एवढं, आणि नझरी जेवताना ह्या गोष्टी रंगवून सांगायचा. मी म्हटलं, ताट संपव आधी. सासूबाई तर कानात बोटं घालायच्या. आमच्यात, तुमच्यातही असेल – बायको पोटुशी असताना नवऱ्यानं माशाच्या तोंडात गळ घालू नये, पोर फाटक्या ओठाचं होतं. आणि बाईनं गाठ मारू नये. कसलीच. शिवणाची नाही, पिशवीची नाही. पोर आत अडकतं म्हणे. सातवा लागला त्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्या हातातून दुकानाचे दोरे काढून घेतले. आता हे दुकान चालतं कशावर? माझ्या गाठींवर! धक्क्यावरचे सगळेजण रिळं माझ्याकडेच भरायला आणायचे. रोहायूची गाठ सुटत नाही – असं बोलायचे लोक. मीही मिरवायचे. तर दोन महिने मी आपली काउंटरला टेकून बसलेली, हात मांडीवर, एखाद्या पाहुणीसारखी. मी हसायचे, कॉलेज केलेली ना. पण बसायचे. हसायचं आणि बसायचंही, असा माझा स्वभाव.

नझरीची काठी गेली त्याच महिन्यात. एका झटक्यात हातातून गेली पाण्यात, रिळासकट. धक्क्यावर थट्टा सुरू – काय रे नझरी, काठी माशाला भाड्यानं दिलीस का? मासा परत कधी आणून देणार? त्यानं हसून घालवलं. मला नाही घालवता आलं. मी घरी बोलले त्याला. काय बोलले ते जाऊ द्या. पोर होणारे आणि तुझ्या हातात काठी टिकत नाही, तर पोर काय टिकणार – असलं काहीतरी. म्हणजे असलंच. हेच.

मग दोन दिवसांनी तो एकटाच निघाला. पिल्लं कुठं दिसतात ते हेरून ठेवायला, दुसऱ्या दिवशी मासेमारीचे पाहुणे यायचे होते. निघताना म्हणाला, रिळावर तीस भरून दे. सासूबाई मागं कपडे वाळत घालत होत्या. मी म्हटलं, जा, तू चहा पी, मी बघते.

आणि मी ऐंशी भरला.

आता तुम्ही सांगा, काय चुकलं? काळजीच केली ना मी? काळजी करणं हा माझा धंदाच आहे, दुकान नंतर. मला वाटलं, तुटायलाच नको. ह्या वेळी काही म्हणजे काही सुटायला नको. ब्रेक पिळला – गच्च, चिमट्यानं. आणि मग ही दोरी. तिच्या टोकाला कडी असते बघा, अंगठ्यानं दाबली की उघडते. मला वाटलं, झटक्यानं उघडली तर? मी कडी काढून टाकली. कमरपट्ट्याच्या रिंगेतून दोरी ओवली आणि गाठ मारली. सात वेढे. थुंकी लावून ओढली. टोक कापलं – ह्याच चाकूनं, आणि चाकू इथंच राहिला, काउंटरवर. हा. त्याच्या खिशात जायचा तो. मी पट्टा त्याच्या कमरेला अडकवला, तो वाकून म्हणाला, गाठ कशाला मारलीस, माक ओरडेल. मी म्हटलं, माकला सांगायचं कशाला?

तिसऱ्या दिवशी सापडला. होडी लांब गेली होती वाहत. पाणबुडा मला म्हणाला – म्हणजे मला नाही, धक्क्यावर दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता, मी मागं उभी – म्हणाला की दोरा दोन बुडलेल्या झाडांना वेढून बसला होता, मधे काठी, एका टोकाला नझरी आणि दुसऱ्या टोकाला मासा. मासा जिवंत होता. शेपूट हलवत होता. पाणी फार तर दीड पुरुष खोल, पाकचिक. नझरीला पोहता येत होतं. तीस पौंडी असता तर दोन हिसक्यांत तुटला असता. पट्ट्याचं बक्कल ताणाखाली सुटत नाही, पण कडी असती तर अंगठ्यानं उघडली असती. गाठीवर नखांचे ओरखडे होते म्हणे. ओली झाली की माझी गाठ आणखी आवळते. त्यासाठीच तर लोक यायचे.

मी तेव्हा काय विचारलं असेल? मी विचारलं, पिल्लांचं काय झालं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुःखानं डोकं फिरलंय, म्हणाले.

बाळंतपण सोपं झालं. तीन तासांत. ओठ बघितले मी आधी, धड होते. सुईण म्हणाली, अशी सुटसुटीत मोकळी झालेली पहिलटकरीण बघितली नाही. गाठ पोरीला नाही अडली, पाकचिक. बापाला अडली. माझा विश्वास नाही हं असल्या गोष्टींवर. पण आता मी अंबाडाही बांधत नाही, बघा, क्लिप लावते.

आणि सासूबाईंना वाटतं, गाठ त्यानं मारली. का नाही वाटणार? सुनेचे हात तर त्यांनी स्वतः बांधून ठेवले होते. पोलिसांनाही तेच सांगितलं त्यांनी, आणि माझ्याकडे बघितलं – हो ना ग? – आणि मी मान हलवली. एकदाच हलवली होती. ती अजून हलतेच आहे. कधीतरी बरणी हातात घेऊन बसतात आणि त्याला शिव्या देतात – हट्टी मेला, एवढी घट्ट मारायची का गाठ? स्वतःच्याच हातानं मेलास. आणि मग रडतात, आणि मी पाणी देते. सांगावं एकदा? सांगून काय होईल? त्यांच्याकडे मुलाची एवढीच एक वस्तू आहे. ती पण माझी निघाली तर त्या पुसणार काय रोज?

तर असं. कुणाला बोलले नव्हते. तुम्ही उद्या जाणार, परवा क्वांतान. तुमचा मुलगा किती वर्षांचा? – नझरीएवढा. मग सांगा. बोटानं दाखवा नुसतं. हिरवा की काळा?

– माक! या ना. झाली नमाज? – कुठं काय, पाकचिकना दोरा दाखवत होते. – नाही हो, मी कशाला कमी बळाचा गळ्यात मारू? त्यांनीच मागितला तीस पौंडी. – हो, ऐंशी आहे शिल्लक, माहितीये मला. – त्यांनाच तीस हवाय, माक. हो ना, पाकचिक? – बघा, मान हलवली. – झोपलीये अजून. – बरणी? त्यांनी विचारलं, हे काय म्हणून. मी म्हटलं, माक आल्या की दाखवतील.

दाखवा ना. झाकण काढा, उजेडात धरा.

बघा, पाकचिक. सात वेढे. एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. – हो माक, त्याचा हात होताच तसा. – इतकी सुबक गाठ धक्क्यावर कुणाला जमायची नाही, बरोबर आहे तुमचं. – पाकचिक, तुम्हीही बोला की काहीतरी. सुंदर आहे म्हणा.

म्हणालात. बरं झालं.

हा घ्या दोरा, आणि हा बेडूक. रीळ मुलाला त्याच्या हातानं भरू दे, मी नाही भरून देत हल्ली. चाकू खिशात ठेवायला सांगा. आणि निघा आता, उठा – अंगठा थांबला माझा, जागी झाली ती.