जीपमधली बारकूची जागा

मंडळी, तुम्ही धसईहून, मुरबाडहून, कामं टाकून आलात. आईला बोलवत नाही, म्हणून मी उभी आहे. मलाही जमेल असं वाटत नाही. मी कारखान्यात यंत्रं तपासते. तिथे बिघाड झाला की आधी काय घडलं ते क्रमाने लिहायचं असतं. तसंच लिहून आणलंय.

एक. गेल्या सोमवारी सकाळी बाबा भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडायला सिद्धगडाच्या बाजूच्या रानात गेले. एकटेच.

दोन. ते ऐनाच्या झाडावरून पडले.

तीन. त्यांनी रघुनाथमामांना फोन केला. मामा मुरबाड-धसई जीप चालवतात. बाबा म्हणाले, "बारकू झाडावरून पडला रे. जीप घेऊन ये."

चार. फोन स्पीकरवर होता. जीपमधले सगळे हसले.

पाच. बारकू नावाचा माणूस आपल्या गावात नाही. कधीच नव्हता.

सहा. दुपारी बाबा सापडले, तेव्हा ते गेलेले होते.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. जीप भरल्याशिवाय स्टँडवरून सुटत नाही. एकदा एकच माणूस कमी होता आणि सगळे उन्हात ताटकळले होते. बाबा शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून म्हणाले, "हा बारकू बसलाय ना. मोज." मामांनी मोजला आणि गाडी सोडली. तेव्हापासून ती जागा बारकूची.

मग त्याला तुम्ही सगळ्यांनी वाढवलं. त्याचं लग्न तुम्ही तीनदा मोडलंत. स्वतःच्याच शेतातला भोपळा त्याने बाजारात घासाघीस करून परत विकत घेतला, हे इथेच बसलेल्या कोणीतरी सांगितलं होतं. पण नियम बाबांचे होते. लहानपणी मी म्हटलं, बारकू नदी पोहून गेला. बाबा हसले नाहीत.

"त्याला पोहता येत नाय. गेल्या साली सांगितलंय ना आपण? एकदा सांगितलं का ते तसंच राहतं. खोटं काय, कोण पण बोलतो गो. हसू यायचं तर माणूस खरा पायजे."

मोजमाप मी कॉलेजात शिकले. काटेकोरपणा त्याआधीच शिकले होते.

बाबांना स्वतःचं दुखणं सांगता यायचं नाही. त्यांचा गुडघा धरला की बारकू लंगडायचा. मी नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा बारकू जेवला नाही. आई ओळखायची. आपण हसायचो. हसावं, असंच ते सांगायचे.

सोमवारीही त्यांनी स्वतःचं नाव घेतलं नाही. ते मदत मागत होते, की हसवत होते? रोज हाच प्रश्न घेऊन उठते. मला वाटतं, दोन्ही. त्यांना ती एकच रीत येत होती.

रघुनाथमामा मागे दाराशी उभे आहेत. त्या दिवसापासून जीप त्यांच्या अंगणात आहे. काल मला म्हणाले, "आवाज येतो गो. अजून येतो. जीप घेऊन ये, म्हणतो."

मामा, तुमच्यावर आमच्या घरातून कोणी बोट ठेवलेलं नाही. मला सांत्वन करता येत नाही. पण बाबांचा नियम मला माहीत आहे. एकदा सांगितलं की ते तसंच राहतं. बाबांनी बारकू पडला म्हटलं. मेला म्हटलं नाही. म्हणजे तो अजून त्या ऐनाखाली आहे. आपल्याला शिव्या घालतोय. आणि जीपची वाट बघतोय.

आता आपण बाबांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू. त्याआधी एकच. रविवारी सकाळी आई आणि मी बारकूला आणायला जाणार आहोत. त्याच्या जागेवर कोणी बसणार नाही. मामा, गाडी तुम्ही चालवाल का? शनिवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा.