आवाज ह्यांचा, टीम माझी

लिहा तुम्ही, पण गावाचं नाव तेवढं नका घालू. रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं, एवढं पुरे. मी जुबेदा. शारजात अल नहदाला राहते, शाळेच्या बसवर काम करते, मुलांना चढवायचं, उतरवायचं, पट्टे लावायचे, भांडली की सोडवायची. लग्न करून आली तेव्हा वाटलं होतं दोन-चार वर्षं राहू, आता मुलगी कॉलेजला गेली. आमचे हे गोदामात स्टोअरकीपर, इतका शांत माणूस की चहात साखर नसली तरी बोलणार नाय, गप पिऊन टाकतील.

क्रिकेट मला कुणी शिकवलं नाय. बाबा बोटीवर असायचे, आई कामात, धाकटा इरफान माझ्या कडेवर वाढला, आणि त्याला बॉल टाकायला घरात दुसरं होतं कोण? अंगणात मीच बॉलर आणि मीच अम्पायर, आऊट दिला की भोकाड पसरायचा, पसर म्हटलं, आऊट तो आऊट. मैदानात मात्र आम्ही बायका जायचो नाय. कुणी अडवलं असतं असं नाय, पण जायचो नाय. आणि आता काय सांगू तुमाला, घराजवळचं जे ग्राऊंड कधी धड बघितलं नाय ते इथं टीव्हीवर बघते, टेनिस बॉलच्या टुर्नामेंट लाइव्ह असतात ना आता, माझी मुलगी सना मोबाईल टीव्हीला जोडून देते आणि बोलते, मम्मा, इट्स ओन्ली टेनिस बॉल. ओन्ली म्हणे! मी बोलली, यल्ला, चल, तू तुझ्या खोलीत जा.

तर टीमचं सांगते. गावच्या गल्फमधल्या पुरुषांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, दुबईचे, शारजाचे, कुवेतचे, जर्सी ही माणसंच देणार, एंट्री फी तीच भरणार, म्हणून हुकूमही तीच सोडणार. मॅच चालू असताना इकडून व्हॉइस मेसेज जातात, आणि तिकडे बाउंड्रीवर एक जण मोबाईल कानाला लावून उभा असतो, तो ऐकतो आणि कॅप्टनला ओरडून सांगतो. कॅप्टन म्हणजे माझा इरफान. डावखुरा फास्ट बॉलर, चार गावांत तसा नव्हता, बहीण आहे म्हणून नाय बोलत.

त्या ग्रुपमध्ये बाई एक नाय. पण सोफ्यावर ह्यांच्या बाजूला मी बसलेली असायची ना. एकदा मी बोलली, अहो, तो मिडविकेटवाला माणूस मागं न्या, आता तिकडेच मारणार. ह्यांनी गंमत म्हणून तसाच मेसेज सोडला, तिकडे माणूस मागं गेला आणि पुढच्याच बॉलला कॅच त्याच्या हातात. झालं, ग्रुपवर वाहवा. तेव्हापासून मी बोलायची, हे बटण दाबून तेच बोलायचे, आणि सगळे ह्यांना कोच म्हणायला लागले, ज्यांना नो बॉल आणि वाइड यातला फरक मी दोनदा समजावलाय! पार्कात गाववाले जमले की पुरुष ह्यांना घेरणार, कोच, पुढच्या मॅचला काय करायचं? हे बोलणार, बघू, इन्शाल्ला, आणि हळूच माझ्याकडे बघणार. घरी येऊन विचारायचे, मागच्या रविवारी मी काय बोललो होतो गं? मी हसून हसून मरायची.

ह्या सीझनला हसू गेलं. इरफान फक्त वरच्या एंडनं बॉलिंग टाकायला लागला. आमच्या ग्राऊंडला खाडीकडे उतार आहे, वरून पळत आलं की पायाला जोर कमी लागतो. ग्रुपवर सगळे बोलले, काय डोकं लावलंय कॅप्टननं, वाऱ्याचा फायदा घेतोय. कसला वारा! मला दिसत होतं ना, बॉल टाकून झाला की तो दोन पावलं पुढं जायचा ते बंद झालं होतं, पाय पडला की तिथंच थांबायचा, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, आणि बॉल आखूड पडत होते. गुडघा गेला होता त्याचा. फोन करून विचारलं तर बोलला, काय नाय आपा, जरा मुरगळलाय.

आता ग्रुपवरच्या लोकांचं मला सांगायचं नाय, एक मॅच हरलो की कॅप्टन बदला, दुसरी हरलो की बाहेरचे प्लेयर आणा, जिंकलो की आपली पोरं म्हणजे वाघ. असल्या लोकांना मी फॅन मानत नाय. पण इथं हरण्याजिंकण्याचं नव्हतंच. इरफान आंबेवाला माणूस, कलमांवर चढून त्याचं घर चालतं. गुडघा पुरता बसला तर चढणार कसा? आणि सांगून ऐकणाऱ्यातला तो नाय, त्याला टीमनंच बसवायला पाहिजे होतं.

मी ह्यांना बोलली, मेसेज करा, इरफानला बसवा. हे घाबरले. तुझा भाऊ आहे तो. मी बोलली, भाऊ आहे म्हणूनच. मग बटण दाबून बोलले ते, माझं वाक्य, त्यांच्या आवाजात. कोच बोलला म्हटल्यावर कोण नाय म्हणणार? इरफानला बसवलं.

त्याच संध्याकाळी त्याचा फोन. आपा, दुल्हाभाईंचं मी काय वाईट केलं? बॅट हातात धरलेली नाय कधी आणि मला टीममधून काढतात? त्यांना सांग, मेलो तरी त्यांच्या दारात येणार नाय. हे समोरच होते, आवाज त्यांना जात होता, मान खाली घालून ऐकत होते बिचारे. मला राहवलं नाय. मी बोलली, इरफान, हे त्यांचं बोलणं नाय, माझं आहे, आजपर्यंतचं सगळं माझंच आहे. तो एवढंच बोलला, दुल्हाभाईंनी काढलं असतं तर चाललं असतं, आणि फोन ठेवला.

हे मला बोलले, कशाला सांगितलंस? मला शिव्या पडल्या असत्या, पडू दे. तुम्हा भावाबहिणीत कशाला? त्या दिवशी मी खूप रडली. मग इरफानचा फोन बंद, आई बोलायची, घरात आहे पण बोलत नाय. हे मेसेज करायचे थांबले, ग्रुपवाले विचारत राहिले, कोच कुठे गेले? मी मॅच बघायची, पण नमाजाला बसली की दुआ काय मागू कळायचं नाय. त्याच्याशिवाय टीम जिंकली तर तो खलास, हरली तर ह्यांचं तोंड काळं.

सेमीफायनलला अर्धी मॅच झाली होती आणि फोन वाजला. इरफान. सलाम नाय, काय नाय. बोलला, घरी बसलोय, इथं नेटवर व्हिडिओ अडकतोय, सगळा गाव लाइव्ह लावून बसलाय. तुझ्याकडे दिसतंय? मी बोलली, दिसतंय. बोलला, सांग. त्याच्या घरापासून हाकेवर चाललेली मॅच मी शारजातून त्याला सांगत होती. हा बॉल लेगला, एक रन. हा फुल, चौका गेला. त्याच्या जागी आलेला नवा बॉलर मार खात होता, तेही सांगितलं, काय लपवलं नाय. इरफान ऐकत होता, मग एकदम ओरडला, अगं त्याला वरून कशाला देतायत, तो उंच आहे, उतारावर त्याचा तोल जातो, खालच्या एंडनं लावा त्याला!

हे नमाजाला गेले होते, मोबाईल सोफ्यावरच होता. मी उचलला. ग्रुपचं बटण दाबलं आणि बोलली, मी इरफानची आपा बोलते. इरफान सांगतोय, नव्या बॉलरला खालच्या एंडनं लावा.

टीव्हीवर दिसलं, बाउंड्रीवरच्यानं मोबाईल कानाला लावला, हात वर करून काहीतरी ओरडला. इरफान फोनवर विचारत होता, काय झालं, आपा, काय झालं? मी बोलली, थांब. चाललाय तो. बॉल घेऊन खालच्या एंडला चाललाय.

हरलो आम्ही त्या दिवशी, थोडक्यात हरलो, सीझन संपला. ग्रुपवर अजून माझ्या मेसेजखाली कुणी काय लिहिलेलं नाय. इरफान माझ्याशी बोलतो, पण गुडघ्याचं काढलं की विषय बदलतो, आणि ह्यांच्याशी अजून बोलत नाय, हे बोलतात बोलेल, बोलेल. अल्ला त्याचे पाय सलामत ठेवो. मग तो खेळो न खेळो, माझ्याशी भांडो, काय पण करो.