तिसरा दिवा

दीर : …तर दादा गेल्यापासून मी पान्याला हात लावलेला नाही, वहिनी. हँगरमध्ये येतो, स्टुलावर बसतो, घरी जातो. तुम्ही कशाला आलात इथं? घरी माणसं असतील.

वहिनी : माणसांपासूनच पळून आलेय. अपघाताच्या चौकशीचे साहेब काय म्हणाले, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय.

दीर : म्हणणार काय? डावं चाक खाली आलं, पण पक्कं बसलं नाही. आतली स्प्रिंग तुटली होती. त्यात कुणाचा दोष नाही, हे त्यांनीच लिहिलंय. जमिनीला टेकताच चाक दुमडलं, विमान उलटलं, तुम्ही तेवढ्या वाचलात. पण वहिनी, चाक पक्कं बसलं नाही तर त्याचा हिरवा दिवा लागत नाही. तीन चाकं, तीन दिवे. एक जरी लागला नाही तर उतरायचं नाही, वर घिरट्या घालत हातानं चाक बसवायचं. आणि दादा तर दवाखान्यात साहेबांना सांगून गेला, तिन्ही लागले होते म्हणून.

वहिनी : म्हणून तुमच्यावर आलं.

दीर : दिव्यांच्या वायरी मीच बदलल्या होत्या ना, आठवडाभर आधी. आता सगळा चुराडा, तपासायला काही उरलं नाही. मेकॅनिकनं वायरी उलटसुलट जोडल्या, विषय संपला. लायसन्स जाणार. चुलीत गेलं लायसन्स. मी माझ्या हातानं दादाला मारलं, हे डोक्यातून जात नाही.

वहिनी : तुम्ही नाही मारलंत.

दीर : समजूत घालू नका.

वहिनी : समजूत घालायला अंगात त्राण कुठंय? तुमच्या दादाला ते दिवे दिसतच नव्हते, भाऊजी. दोन वर्षं झाली. उन्हात तर सगळंच पांढरं दिसायचं.

दीर : काहीतरीच. दरवर्षी डोळे तपासून घेतात की.

वहिनी : डॉक्टरांचा तक्ता पाठ करून जायचे. आदल्या दिवशी मीच घोकून घ्यायचे. आणि वर गेलं की शेजारी मी. चाकं सोडली की विचारायचे, ‘किती?’ मी बघून सांगायचे, ‘तीन.’ मग उतरायचे.

दीर : आणि मला पत्ता नाही.

वहिनी : तुम्हाला कळलं असतं तर किल्ली काढून घेतली असतीत. तुमचीच तेवढी भीती होती त्यांना.

दीर : मग त्या दिवशी काय झालं?

वहिनी : भांडत होतो. मीच म्हणत होते, आता पुरे, डॉक्टरांना खरं सांगून टाका. तर म्हणे, मग काय घरात बसून भिंती मोजू? मी तोंड फिरवलं, बाहेर बघत बसले. त्यांनी विचारलं, ‘किती?’ मी बघितलंच नाही, भाऊजी. फणकाऱ्यानं म्हटलं, ‘तीन, नेहमीचेच.’



दीर : त्याला कळलं होतं?

वहिनी : दवाखान्यात मीच सांगितलं. नुसता हात दाबला माझा. मग साहेब आत आले.

दीर : म्हणजे तुम्हाला झाकायला खोटं बोलला. ते माझ्या गळ्यात पडेल, हे सुचलं नसेल त्याला?

वहिनी : त्या अवस्थेत कसं सुचणार?

दीर : सुचलंही असेल. लहानपणी काच यानं फोडायची आणि मार मी खायचा. धाकट्याला सवय आहे म्हणाला असेल. राहू द्या, वहिनी. माझी किती वर्षं उरलीत कामाची? हे बाहेर पडलं तर लोक त्याला आंधळा पायलट म्हणतील. तुम्हाला तर जगू देणार नाहीत.

वहिनी : आठ दिवस तुम्ही या स्टुलावर बसून आहात आणि मी तोंड मिटून आहे. कसली बाई मी? साहेबांना फोन लावा.

दीर : उद्या बोलू ना.

वहिनी : उद्या मला धीर होणार नाही. लावा. द्या इकडे… साहेब, मी पायलटची बायको बोलतेय. नाही, बरी आहे मी. लिहून घ्या. त्यांना दिसत नव्हतं, साहेब. मला दिसत होतं.