कोरमची बाई

संस्थांचं एवढं कौतुक सांगताय, तर माझंबी ऐका. दुष्काळात आमच्या नळदुर्गात लांब पल्ल्याच्या धावण्याची संघटना निघाली. नाव अखिल भारतीय, सभासद सात. अध्यक्ष, त्यांचे पाच पाव्हणे आणि सातवी मी, कारण एक बाई पाहिजे असा नियम होता.

पन्नास मैलांच्या शर्यतीत मी रस्त्यावर घागर घेऊन पाणी वाटलं. खडी फोडायच्या कामावरचा निवृत्ती पहिला आला, अध्यक्षांचा भाचा दुसरा. दिल्लीच्या शर्यतीला एकालाच पाठवायचं होतं. लगेच सभा बोलावली.

अध्यक्ष म्हणाले, "अक्कांनी निवृत्तीच्या डोक्यावर पाणी वतलं. ही बाहेरची मदत झाली. त्याला बाद करायचा ठराव मांडतो."

म्या म्हणलं, "तुमच्या भाच्याच्या डोक्यावर दोन तांबे वतले, त्याचं काय?"

"अक्का, तुम्ही बोलू नका. तुम्ही फक्त कोरमसाठी आहात."

"म्हंजी काय वो?"

"सात जणं बसल्याबिगर सभा भरत न्हाय. उद्या दिल्लीला नाव कळवायचंय, ठराव आजच झाला पायजे. तुम्ही नुसतं बसा."

एवढं कळल्यावर मी उठले आणि चपला घातल्या.

"अवं अक्का, कुठं निघालात?"

"घरला. घ्या की सभा, अख्खा भारत हाय की तुमच्यासंगं!"

निवृत्ती दिल्लीला गेला. पण त्या दिवशी सहाच्या सहा जणं माझ्यामागं वेशीपर्यंत पळत आले. धावण्याच्या संघटनेचे पदाधिकारी धावताना गावानं तेवढंच एकदा बघितलं.