निळ्या दिव्याची फेरतपासणी

हॅलो?… हो, बोल ताई… लॅबमध्येच आहे. बोल गं, आज मी जाम खूश आहे.

तीच गं, पलीकडच्या टेबलावरची, गोड आवाजाची… हो, हो, निळ्या दिव्यावाली. तिची जिरली.

अगं ऐक ना. आमचा तो जंतू, कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देणारा… हो, तोच. मी वर्षानुवर्षं त्याच्यापुढे डोकं फोडतेय. आणि ही येते काय, निळा दिवा लावते काय! म्हणे त्या उजेडानं तो खिळखिळा होतो, मग जुनंच औषध लागू पडतं.

दिसायला? चांगली आहे… त्याचा काय संबंध?

मी जळत नाहीये. साहेबच म्हणाले, फेरतपासणी तूच कर, तुझ्याइतक्या वाकड्या नजरेनं दुसरं कुणी बघणार नाही… स्तुतीच आहे ती, ताई.

केली की. काल जंतूंची एक बशी अंधारात ठेवली, एक दिव्याखाली, दोन्हींत तेच औषध. आज बघते तर दोन्हींत जंतू मजेत. काडीचा फरक नाही. साहेबांनी तिचं काम बंद केलं. मी दिवा नेऊन दिला परत, तर ‘थँक्यू ताई’ म्हणाली. रडायचं तरी ना.

थांब हं, कॉफीला पाणी ठेवते… हं, बोल. तुझ्या लेकाचं काय म्हणत होतीस?…

…

आहे गं, आहे. ताई… या टेबलाला प्लग एकच आहे.

म्हणजे काय म्हणजे? काल बश्या ठेवल्या नि लगेच किटलीसाठी दिव्याची पिन काढली मी… नाही, परत नाही लावली… अगं दिसणार कसं? डोळ्यांना त्रास नको म्हणून दिवा झाकणाच्या खोक्यात असतो… परत देताना? खुशीत उचलला नि नेला, पिनेकडे बघतंय कोण!

हो. दोन्ही बश्या अंधारातच.

गप्प बसू? कोणाला कळतंय म्हणतेस… ती आत्ताच आलीय, खोक्यात सामान भरतेय गं, समोरच. शिट्टी वाजवत.

दया कसली डोंबलाची? उद्या दुसरीकडे जाऊन तिनं हेच सिद्ध केलं, तर भाषणात माझे आभार मानेल. गोड आवाजात. ते ऐकत बसू मी?

थांब… अगं ए, दिवा बांधू नकोस. इकडे आण… का म्हणजे, सांगते ना…

ताई, ठेव तू फोन. नाही, तू ऐकायचं नाहीस हे… ठेव म्हटलं ना.