वाचनालयाच्या नावचा माड

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपले सरपंच रावजीशेठ, मुरुडहून मुद्दाम आलेले विस्तार अधिकारीसाहेब, व्यासपीठावरची पंचमंडळी, सत्कारमूर्ती दयारामभाऊ, समोर बसलेल्या मायबहिणी आणि आत जागा नाही म्हणून दारात उभे असलेले कोळीवाड्यातले बंधुभगिनी, सर्वांना माझा नमस्कार.

मी बाळाजी. दिघीच्या बंदरावर तिकिटं फाडण्यात माझी सारी नोकरी सरली आणि आता आपल्या वाचनालयाचा कार्यवाह म्हणून मिरवतो. दयारामभाऊ आज ग्रंथपालपदावरून निवृत्त होताहेत, तेव्हा पाच मिनिटं गोड बोला, असा मला निरोप आहे. पाच मिनिटं बोलेन. गोडाचं वचन देत नाही. माझ्या आधीच्या वक्त्यांनी तोंडात इतकी साखर घोळवली की मला खरोखर किळस आली. ‘ज्ञानयज्ञाचे ऋत्विज’ म्हणाले यांना. अहो, ऋत्विजाला दक्षिणा असते! यांना काय होतं?

नव्या मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी देवळासमोर सभा भरली आणि वाचनालय काढायचं ठरलं. रोकड कुणाकडे नव्हती, नारळाच्या वाड्या होत्या. तेव्हा प्रत्येक वाडीवाल्याने एक माड वाचनालयाच्या नावे सोडायचा आणि त्याला गेरूचा पट्टा ओढायचा, असं ठरलं. त्या माडाचे नारळ विकून वर्तमानपत्रं, पुस्तकं आणि ग्रंथपालाचा पगार भागवायचा. किती सुरेख कल्पना! माणूस आज देतो, उद्या विसरतो. माड पिढ्यान्‌पिढ्या देतो. पहिली एकदोन वर्षं वाचनालय थाटात चाललं, हे खोटं कशाला बोलू?

पण गेरू पावसात धुतला जातो, मंडळी. दर दिवाळीला पट्टा नव्याने ओढायचा, आणि तो ओढणार कोण, तर वाडीचा मालक. मग पट्टा चालायला लागला! या वर्षी विहिरीजवळच्या लगडलेल्या माडावर, पुढच्या वर्षी कुंपणाजवळच्या माडावर, त्याच्या पुढच्या वर्षी भुंगा लागलेल्या माडावर. प्रत्येकाला वाटलं, एवढं मोठं गाव, माझ्या एका माडाने काय बिघडतंय? सगळ्यांनाच तसं वाटलं, आणि गावातले झाडून सारे वांझ, वाकडे, रोगट माड वाचनालयाचे झाले. नारळ पाडणारा धर्माजी एकदा वरूनच ओरडला, “दयारामभाऊ, हितं नारळ न्हाय, कावल्याचं घरटं हाय! पाडू का?”

हसता काय? नारळ नाहीत म्हणून या माणसाने झावळ्या गोळा केल्या. पुस्तकं देता देता झाप विणले, पावसाळ्याच्या तोंडावर ते विकले आणि त्यातून वर्तमानपत्रांची वर्गणी भरली. गेल्या वर्षी पगार म्हणून यांना द्यायला संस्थेकडे झावळ्याच होत्या. व्यासपीठावर त्याला त्याग म्हणतात. मी फुकट राबवून घेणं म्हणतो.

आता अध्यक्षमहाराजांची आधीच क्षमा मागून एक हकीकत सांगतो. क्षमा मागितली की काहीही सांगता येतं, असा सभेचा संकेत आहे.

गेल्या वर्षीच्या वादळात रावजीशेठच्या वाडीतला एक पोखरलेला माड त्यांच्याच गोठ्यावर कोसळला. गुरं वाचली, कौलं गेली. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः वाचनालयात आले. यापूर्वी कधी पायरी चढले नव्हते, म्हणून दयारामभाऊंनी खुर्ची पुसून पुढे केली.

“बसायला न्हाय आलो,” शेठ म्हणाले. “तुमच्या माडानं माझा गोठा मोडला. भरपाई कोन देनार?”

“शेठ, माड तर तुमच्याच वाडीतला...”

“पन पट्टा कुनाचा हाय त्याच्यावर?”

यावर दयारामभाऊंनी काय करावं? स्वतः विणलेले झाप उचलले आणि शेठचा गोठा शाकारून दिला! नारळ लागत होते तोवर माड शेठचा, कोसळला तेव्हा वाचनालयाचा. बंदरावर मी लबाड पुष्कळ पाहिले. तिकीट चुकवायला बकरीला पदराखाली घेऊन लेकरू म्हणणारी बाईसुद्धा पाहिली. पण ही तऱ्हा नाही पाहिली.

थांबा शेठ, घंटी वाजवू नका. माझी पाच मिनिटं अजून व्हायची आहेत.

दयारामभाऊंची दृष्टी अधू झाली, ते आता मुलाकडे पनवेलला चालले. त्यांच्या जागी आपल्या गावची कमळ यायला तयार आहे. मॅट्रिक झालेली मुलगी. ती मला म्हणाली, “काका, मला त्यागबिग न्हाय जमायचा. महिन्याच्या महिन्याला पगार असंल तर येते.” चुकलं काय तिचं? पगाराची सोय झाली नाही तर एक तारखेपासून वाचनालयाला कुलूप लागेल.

उपाय साधा आहे. घरपट्टीच्या रुपयामागे पाच नवे पैसे वाचनालयाची पट्टी. तो ठराव पंचायतीपुढे आला आणि पुन्हापुन्हा पुढे ढकलला गेला. शेठ म्हणतात, पट्टी बसवली तर लोकांचं दातृत्व आटेल. आटू द्या हो! असल्या दातृत्वाची मला शिसारी आली आहे. रस्त्यावरच्या कंदिलांचं रॉकेल आपण दिवाबत्तीच्या करातून भरतो. कंदील लावणाऱ्या सदूला कुणी म्हणतं का, बाबा रे, घरोघर फिरून तेल मागून आण?

त्या दारात नीराबाई उभ्या आहेत. सुकी मच्छी विकून घर चालवतात. त्यांची वाडी नाही, म्हणून त्यांना कुणी कधी दाता म्हटलं नाही. परवा मला म्हणाल्या, “आमचा घर बारका, पट्टी बारकी. ती घ्या. पन वर्साच्या वर्साला घ्या, आन मना पावती द्या.” साऱ्या व्यासपीठावर मला एवढं शहाणपण सापडलं नाही.

उद्या पंचायतीची सभा आहे. पंच इथेच आहेत आणि गावही इथेच आहे. ज्यांना आपल्या घरपट्टीत ही पट्टी मान्य आहे, त्यांनी कृपा करून हात वर करावेत.

वा! नीराबाई, एकच हात पुरे. पंचमंडळी, समोर नीट पाहून घ्या. उद्या सभेत ‘लोक तयार नाहीत’ म्हणू नका.

दयारामभाऊ, तुमचे आभार मानायची या गावाची लायकी नाही, तरी गावाच्या वतीने मानतो. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर म्हाताऱ्याची जीभ घसरली म्हणून पोटात घाला. आणि हात एवढ्यात खाली घेऊ नका. अध्यक्षमहाराजांचा अजून वर व्हायचा आहे.